खेळणं तिच्या हाताला उत्तर देतं का?

प्रश्न: माझी मुलगी साडेपाच वर्षांची आहे. जन्मापासून तिला दिसत नाही; उजेड-अंधार कळत असावा असं डॉक्टर म्हणतात. सोबत सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर नीट ताबा नसणं) आहे. टेकून बसवलं तर बसते. डावा हात बऱ्यापैकी चालतो, उजव्या हाताची मूठ घट्ट असते. बोलत नाही. ऐकू येतं. फिट्सचं औषध चालू आहे. घरात खेळण्यांचं एक कपाट भरलंय: बटण दाबलं की गाणी म्हणणारी, लुकलुकणाऱ्या दिव्यांची, प्लास्टिकचे प्राणी, मऊ बाहुल्या, निरनिराळ्या पोतांचे तुकडे. हातात दिलं की फेकते, नाहीतर तोंडात घालते. नवीन वस्तू हातावर टेकवली की हात मागे ओढून घेते. गाण्याचं खेळणं लावलं की एकदम गप्प होते आणि मान खाली घालते. सासूबाई म्हणतात, "तिला यातलं काही कळत नाही, उगाच कशाला आणत बसता?" भाऊ ब्रेलचे ठोकळे पाठवायचं म्हणतोय. नक्की कोणती खेळणी घ्यावीत? आणि या वयात वस्तू तोंडात घालणं थांबवायला हवं ना? – एक आई

उत्तर:

ताई,

गाणं लागलं की लेक गप्प होते आणि मान खाली घालते, असं तुम्ही लिहिलंत. मी तिथूनच सुरुवात करते. ती ऐकते आहे. ज्या मुलांना दिसतं ती आवडलेल्या गोष्टीकडे तोंड वळवतात, हात पुढे करतात, हसतात. मुलाला रस वाटतोय हे आपण यावरूनच ओळखतो. पण ज्याला दिसत नाही त्याला आवाजाकडे चेहरा वळवून काय मिळणार? ते मूल आधी हालचाल थांबवतं, कारण स्वतःच्याच हातापायांची सळसळ ऐकण्याच्या आड येते. मग मान थोडी झुकवून कान लावतं. सासूबाईंना जे 'काही कळत नाही' असं वाटतं, ते बहुतेक वेळा तिचं पूर्ण लक्ष लागल्याचं लक्षण असतं. हा परिच्छेद त्यांना जरूर वाचून दाखवा. फक्त एक सावधगिरी हवी. तिला फिट्स येतात. कुठलाही आवाज नसताना ती मधेच अशी स्तब्ध होऊ लागली, पापण्या फडफडल्या, हात लावला तरी प्रतिसाद आला नाही, तर ते ऐकणं नव्हे. तेव्हा मोबाइलवर चित्रीकरण करून डॉक्टरांना दाखवा.

आता कपाटाकडे वळू. त्यातलं बरंचसं सामान डोळ्यांसाठी बनवलेलं आहे. तळहाताएवढा प्लास्टिकचा हत्ती घ्या. डोळ्यांना सोंड दिसते, कान दिसतात, आणि आकार जुळला म्हणून आपण त्याला हत्ती म्हणतो. तुमच्या लेकीच्या हाताला काय मिळतं? एक हलकी, गुळगुळीत, पोकळ वस्तू आणि तिला चार टोकं. घोडाही तसाच, गायही तशीच. शिवाय डोळा जे एका झटक्यात पाहतो ते हाताला तुकड्यातुकड्यांनी गोळा करावं लागतं: आधी एक कड, मग एक कोपरा, मग खाच. हे सगळं लक्षात ठेवून डोक्यात जोडायचं. दोन्ही हात चालत असतील तर एक हात वस्तू धरून ठेवतो आणि दुसरा तिच्यावरून फिरतो. तुमच्या लेकीला ही दोन्ही कामं एकट्या डाव्या हाताने करावी लागतात. त्यात वस्तू निसटली की तिच्यासाठी ती जगातूनच नाहीशी झाली. अशा वस्तूत तिने रस का घ्यावा?

गाणाऱ्या खेळण्यांची अडचण वेगळी आहे. हात चुकून बटणावर पडतो आणि मिनिटभर गाणं चालतं. त्या मिनिटात तिने हात उचलला, पुन्हा आपटला, पाय झाडले, तरी गाणं आपलं चालूच. ते आपल्यामुळे सुरू झालं हे तिला कळायला वाव कुठे आहे? ती छान ऐकते, पण करत काहीच नाही. ऐकायला गाणी जरूर लावा, मात्र ती खेळाच्या वेळेत धरू नका.

म्हणून खेळणं निवडताना मी एकच गोष्ट पाहते. मुलाने काही केलं, तर ही वस्तू लगेच, दर वेळी, त्याला कळेल असं उत्तर देते का? आणि मूल थांबलं की तीही थांबते का? आपटलं की वाजणारा धातूचा ट्रे, ओढला की खुळखुळणारा किल्ल्यांचा जुडगा, चुरगळला की कडकडणारा कागद, बोट फिरवलं की खरखर करणारा खरखरीत ब्रश, दाबला की फुसकन हवा सोडणारा स्पंज, हे सगळे उत्तर देतात. कपाटातलं एकेक खेळणं काढा, डोळे मिटा, एकच हात वापरा आणि तपासा. जी खेळणी या परीक्षेत नापास होतील ती कुणाला तरी देऊन टाका. कपाट अर्धं रिकामं झालं तरी हरकत नाही.

डेन्मार्कच्या लिली निल्सन यांनी याच विचारावर आयुष्यभर काम केलं. त्या 1926 साली जन्मल्या आणि 2013 साली वारल्या. त्यांची काही भावंडं अंध होती. अंध आणि बहुविकलांग मुलांना शिकवताना त्यांच्या लक्षात आलं की मोठी माणसं या मुलांसाठी सगळं करून देतात, त्यांचे हात धरून खेळवतात, आणि मूल हळूहळू स्वतःहून काही करणंच सोडून देतं. त्यांनी 'लिटल रूम' नावाची साधी खोकी तयार केली. मूल पाठीवर झोपतं, आणि त्याच्या डोक्याभोवती आणि छातीवर तीन बाजूंनी भिंती आणि वर छत असलेली छोटी जागा येते. छताला आणि भिंतींना खऱ्या वस्तू टांगलेल्या असतात, मुलाचा हात जरासा हलला तरी लागतील इतक्या जवळ. सुरुवातीला हात चुकून लागतो. काहीतरी वाजतं, थंड लागतं, झुलून परत येतं. मूल थबकतं. थोड्या वेळाने तीच हालचाल पुन्हा होते, या वेळी मुद्दाम. वस्तू जागच्या जागी असल्यामुळे, फेकली किंवा सोडली तरी ती नाहीशी होत नाही. तुमच्या लेकीच्या बाबतीत हे फार मोलाचं आहे. छोट्या जागेत आवाज घुमतो, त्यामुळे तिचे स्वतःचे हुंकारही तिला वेगळे ऐकू येतात.

घरी हे पूर्ण खोकं नाही केलं तरी चालेल. खालून मोकळं असलेलं एखादं बुटकं, भक्कम टेबल घ्या. त्याला खालून आडवी जाळी किंवा दांडा घट्ट बसवा, आणि त्याला इलॅस्टिकने वस्तू बांधा. इलॅस्टिक आखूडच ठेवा. कितीही ताणलं तरी ते मानेपर्यंत पोहोचता कामा नये आणि त्याचा फास बसेल असा मोकळा फेरा कुठेच राहता कामा नये. वस्तू तिच्या डाव्या हाताच्या आवाक्यात, कोपर न ताणता लागतील अशा असाव्यात. उजव्या मुठीजवळही एखादी ठेवा. मूठ उघडली नाही तरी मुठीच्या मागच्या बाजूने ढकलता येते. सगळ्यात महत्त्वाचं, वस्तूंच्या जागा रोज बदलू नका. किल्ल्या जिथे होत्या तिथेच उद्याही सापडल्या, तरच 'तिथे काहीतरी आहे' ही खात्री तिच्या मनात तयार होईल. आणि ती टेबलाखाली असताना कुणीतरी मोठं माणूस शेजारी असायलाच हवं. पाठीवर झोपल्यावर तिला उलटीचा किंवा श्वासाचा त्रास होत असेल तर आधी थेरपिस्टना विचारा. तसं असेल तर कुशीवर झोपवून किंवा टेकून बसवून, पुढ्यात दांडा बांधूनही हेच करता येतं.

निल्सन यांनीच वापरात आणलेली दुसरी गोष्ट मला त्याहूनही आवडते, कारण ती करायला सोपी आहे. सुमारे 4 मिलिमीटर जाडीचा प्लायवुडचा मोठा चौकोनी तुकडा घ्यायचा, मूल त्यावर पूर्ण झोपू शकेल एवढा. त्याच्या खालच्या बाजूला चारही कडांना साधारण 2 सेंटिमीटर जाडीच्या पट्ट्या ठोकायच्या. मधला भाग जमिनीपासून उचललेला राहतो आणि सगळी फळी ढोलकीच्या पानासारखी थरथरते. तिच्या टाचेचा, बोटाचा, पडलेल्या चमच्याचा प्रत्येक ठोका तिला कानांनी ऐकू येतो आणि पाठीतूनही जाणवतो. कडा घासून गुळगुळीत करा, फळीला एकही कुसळ राहता कामा नये. तिच्या फेकण्याचं उत्तरही मला इथेच दिसतं.

ती का फेकते? खांद्यापासून हात झाडणं तिला जमतं, बोटांनी पकड बदलणं अजून जमत नाही. फेकलं की मजेदार आवाज येतो. आणि वस्तू परत कशी मिळवायची हे तिला माहीत नसल्यामुळे ती शोधत बसत नाही. म्हणजे फेकणं हा तिच्यापुरता एक पूर्ण खेळ आहे. तो बंद करू नका, त्याला जागा द्या. त्या फळीवर तिच्या बाजूला दोन-तीन पसरट वाट्या ठेवा: एक धातूची, एक लाकडी, एक प्लास्टिकची. चमचा धातूच्या वाटीत पडला की एक आवाज, लाकडी वाटीत पडला की दुसरा. काही दिवसांनी तुम्हाला दिसेल की ती टाकण्याआधी क्षणभर थांबते. ते थांबणं म्हणजे ती आवाजाची वाट पाहते आहे. पुढे हात वाटीकडे जाऊ लागेल. टाकण्यातून ठेवण्यापर्यंत मुलं अशीच येतात. कडा असलेला ट्रे आणि त्याखाली न घसरणारी मॅट घेतली तर वस्तू तिच्या हद्दीत राहतात. हे विकत घेण्यासारखं आहे, घ्या.

आवाजाच्या दिशेने हात नेणं ही आपल्याला वाटते त्यापेक्षा बरीच अवघड गोष्ट आहे, हेही सांगून ठेवते. सेल्मा फ्रायबर्ग या अमेरिकी अभ्यासक बाईंनी अंध बाळांचं बारकाईने निरीक्षण करून दाखवलं होतं की दिसणारं बाळ साधारण पाचव्या महिन्यात दिसलेल्या वस्तूकडे हात नेतं, पण अंध बाळ केवळ आवाजावरून हात नेऊ लागतं ते पहिल्या वर्षाच्या शेवटी शेवटी. ही बाळं अंध असली तरी त्यांना दुसरी कुठलीही अडचण नव्हती. आवाज म्हणजे धरता येण्याजोगी वस्तू, हे ती कानांनी ऐकून आणि हाताने लागून, दोन्ही एकत्र होऊन शिकतात. तुमच्या लेकीला हातांचीही अडचण आहे, तेव्हा तिने दूरवर वाजणाऱ्या खेळण्याकडे हात नेला नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नका. वाजणारी वस्तू आधी तिच्या हाताला लागू द्या, मग वाजवा. मग हाताला लागलेली थोडी दूर सरकवा, हातभर नव्हे, बोटभर.

आता हात मागे ओढण्याबद्दल. इथे मी जरा कठोर बोलणार आहे. बोलणं तुमच्यावर नाही, सगळ्या मोठ्या माणसांवर आहे. अंध मुलाचा हात हा त्याचा हातही असतो आणि डोळाही. आपण येता-जाता तो उचलतो, वस्तूवर दाबतो, 'बघ, कसं मऊ आहे' म्हणतो. कुणी आपल्या पापण्या धरून आपल्याला बघायला लावलं तर आपण मान वळवू. ती हात वळवते. ती काही हट्टी नाही आणि तिला स्पर्शाचा तिटकारा आहे असंही लगेच म्हणू नका. काही मुलांना विशिष्ट पोत खरोखर सहन होत नाहीत, आणि ते ऑक्युपेशनल थेरपिस्ट पाहतील. पण त्याआधी घरातल्या सगळ्यांनी तिचे हात ओढणं थांबवलं पाहिजे. शाळेतही तसं सांगा.

मग दाखवायचं कसं? तुमचा हात खाली, तिचा हात वर. तिच्या मागे किंवा शेजारी बसा. आधी तिच्या दंडाला, मग मनगटाजवळ हलका स्पर्श करा, म्हणजे तुम्ही आलात हे तिला कळेल. तुमचा हात वस्तूवर ठेवा आणि तिचा हात तुमच्या हातावर विसावेल असा जवळ न्या. तुम्ही ब्रशवर बोटं फिरवता, ती तुमच्या हाताची हालचाल अनुभवते. तिला नको असेल तेव्हा ती हात काढू शकते, आणि तिने काढला की तुम्ही मागे धरायला जायचं नाही. हळूहळू तुमची बोटं जराशी बाजूला करा, तिचं एखादं बोट घसरून वस्तूवर पडेल. तेवढंच पुरे. दुसऱ्या दिवशी कदाचित दोन बोटं. हाताने नकोच असेल तर पायापासून सुरू करा. पुष्कळ मुलं जे हाताने नाकारतात ते तळपायाने आनंदाने घेतात. वस्तू हातात देण्याआधी ट्रेवर टकटक वाजवून सूचना द्या, आणि धातूची वस्तू असेल तर ती आधी आपल्या तळहातात धरून जरा कोमट करा. एकदम बर्फगार चमचा हाताला लागला की कोणीही दचकेल.

आणि गप्प बसा. हे सांगताना मला फार वाईट वाटतं, कारण आईचा आवाज हा त्या मुलीचा मोठा आधार असतो. पण ती वस्तू चाचपत असताना 'शाब्बास, वाजव, अजून एकदा' असं आपण बोलत राहिलो तर ती लगेच वस्तू सोडून आपल्याला ऐकू लागते. तिचं काम मोडतं. ती थांबेल, श्वास टाकेल, तुमच्याकडे कलेल, तेव्हा बोला: 'किल्ल्या वाजवल्यास तू.' टीव्ही बंद, पंख्याचा खडखडाटही शक्य तितका कमी. एखादी वस्तू पुढे ठेवल्यावर तिच्या हालचालीला वेळ लागतो. मेंदूपासून हातापर्यंत निरोप जायला अशा मुलांना खरोखर जास्त वेळ लागतो. मनात वीस अंक मोजा, पुन्हा मोजा. बहुतेक वेळा आपण दहाव्या अंकालाच मदतीला धावतो, आणि तिची हालचाल पंधराव्याला येणार असते.

तोंडात घालणं थांबवू नका. ओठ आणि जीभ हे शरीरातल्या सगळ्यात बारकाईने स्पर्श टिपणाऱ्या भागांपैकी आहेत. जो तपशील तिच्या बोटांना अजून आणता येत नाही तो ती ओठांनी आणते: कड गोल आहे की धारदार, भोक आहे का, गार आहे का. वय साडेपाच असलं तरी हातांची समज अजून त्या टप्प्यावर आहे, आणि बोटं तयार झाली की तोंडाचं काम आपोआप कमी होतं. तुम्ही वस्तू हिसकावली तर ती माहितीही जाईल आणि विश्वासही. लक्ष द्यायचं ते वस्तूंच्या निवडीवर. सुमारे 32 मिलिमीटर व्यासाच्या नळीतून आरपार जाईल अशी कुठलीही वस्तू नको. लहान मुलांच्या खेळण्यांची गुदमरण्याच्या धोक्यासाठी तपासणी करतात ती जवळजवळ याच मापाच्या नळीने. मात्र साडेपाच वर्षांच्या मुलीचं तोंड मोठं असतं, म्हणून मी तर मूठभर आकाराच्या खाली जात नाही. रंग उडणारं, तुकडे पडणारं, टाके उसवलेलं काही नको. फुगे आणि फुग्याचं रबर अजिबात नको. बटणासारख्या चपट्या बॅटरीची खेळणी घरातूनच काढा. ती बॅटरी गिळली गेली तर दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकते, आणि न बोलणारं मूल काय झालं ते सांगू शकत नाही. सुटे, ताकदवान लोहचुंबकही तसेच धोक्याचे. डोक्यातलं पाणी काढण्यासाठी शंट बसवलेला असेल तर चुंबकाची कुठलीही वस्तू देण्याआधी शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांना विचारा, कारण काही शंटच्या झडपेची जुळणी बाहेरून चुंबकानेच करतात.

लुकलुकणाऱ्या दिव्यांची खेळणी तुम्ही फिट्सच्या डॉक्टरांना दाखवेपर्यंत बाजूला ठेवा. पण उजेड सगळाच बाद करू नका. तिला उजेड-अंधार कळतो, आणि सेरेब्रल पाल्सी असलेल्या बऱ्याच मुलांमध्ये डोळा नीट असून मेंदूतल्या पाहण्याच्या वाटेत बिघाड असतो. त्याला सीव्हीआय म्हणतात. तुमच्या लेकीच्या कागदपत्रांत नेमकं काय लिहिलंय ते विचारून घ्या, कारण त्यावरून खेळणी बदलतात. सीव्हीआय असेल तर गडद काळ्या कापडापुढे एकच लाल किंवा पिवळी चकचकीत वस्तू, हळू हलवलेली, तिला जाणवू शकते. रंगीबेरंगी गर्दीत तीच वस्तू हरवते. अशी मुलं अनेकदा आधी पाहतात, मग नजर बाजूला वळवून हात लावतात, दोन्ही एका वेळी जमत नाही. बाहेरून ते 'लक्ष नाही' असं दिसतं.

भावाच्या ठोकळ्यांबद्दल. लेगोचे ब्रेल ब्रिक्स 2020 पासून अंध मुलांच्या शाळांना आणि संस्थांना मोफत मिळू लागले आणि 2023 पासून ते विकतही मिळतात. प्रत्येक ठोकळ्यावरच्या गोल उंचवट्यांची मांडणी म्हणजे एकेक ब्रेल अक्षर. कल्पना उत्तम आहे, अक्षरांच्या उंबरठ्यावरच्या मुलासाठी. तुमची लेक आज तिथे नाही, आणि ते ठोकळे तोंडात सहज मावतील एवढे आहेत. भावाला सांगा, आत्ता नको. मात्र 'हिला ब्रेल कधीच येणार नाही' असं कुणी म्हणालं तर तेही मानू नका. बहुविकलांग मुलांतली काही मुलं पुढे ब्रेल वाचतात, काही मुलं उठावाची चिन्हं किंवा वस्तूच अक्षरांसारख्या वापरतात. छापील ब्रेलचा ठिपका जेमतेम अर्धा मिलिमीटर उंच असतो आणि दोन ठिपक्यांमधलं अंतर अडीच मिलिमीटरच्या आसपास. तिथवर पोहोचायला बोटाला आधी चमचा आणि ब्रश, वाटीची कड आणि झाकणाचे आटे, यांत हजारो फरक ओळखता आले पाहिजेत. आज तुम्ही जे कराल ती त्याचीच तयारी आहे.

1837 साली लॉरा ब्रिजमन ही बहिरी आणि अंध मुलगी अमेरिकेतल्या पर्किन्स या अंधांच्या संस्थेत आली तेव्हा सात वर्षांची होती. तिचे शिक्षक सॅम्युअल हाव यांनी तिच्यासमोर काय ठेवलं? चमचा, काटा, किल्ली. रोजच्या वापरातल्या खऱ्या वस्तू, आणि त्यांवर उठावाच्या अक्षरांतली नावं चिकटवलेली. लॉराचे हात धडधाकट होते आणि पहिली दोन वर्षं तिने पाहिलं-ऐकलंही होतं, त्यामुळे तिची गती तुमच्या लेकीला लावू नका. पण वस्तू आधी आणि अक्षर मागून, हा क्रम घेण्यासारखा आहे.

त्याच वाटेने अजून एक काम करा. दिवसातल्या दोन ठराविक गोष्टी निवडा, समजा जेवण आणि अंघोळ. जेवणाआधी दर वेळी तिचा नेहमीचा चमचा हाताला लावा, अंघोळीआधी तिचाच स्पंज. खेळण्यातली छोटी बादली नको. तिला त्या बादलीचा काहीच अनुभव नाही, स्पंजाचा आहे. नेदरलँड्सचे यान व्हान डाइक यांनी बहिऱ्या-अंध मुलांबरोबर काम करताना अशा वस्तूंची मालिका बांधून मुलांना पूर्ण दिवसाचा अंदाज दिला होता. तुम्ही दोनच गोष्टींनी सुरुवात करा. निरोपाच्या या दोन वस्तू खेळण्यांत मिसळू नका, नाहीतर चमचा हाताला लागल्यावर जेवण येणार की खेळ, हे तिला कळणार नाही.

सगळ्याच्या आधी तिची बसण्याची जागा नीट करून घ्या. मी हे पत्राच्या शेवटी लिहितेय, पण करायचं पहिलं. मान सावरण्यात आणि तोल राखण्यात तिची सगळी शक्ती जात असेल तर हाताला काही उरत नाही. पाय टेकलेले, कंबर आधाराला, कोपरं ट्रेवर विसावलेली, डावा हात मधोमध येईल अशी बैठक फिजिओथेरपिस्टकडून करून घ्या. कॉर्नर चेअर (कोपऱ्यासारखी पाठ असलेली आधाराची खुर्ची) हवी की कुशीवर झोपवून खेळवायचं, हेही तेच ठरवतील. कुठल्याही नव्या खेळण्याआधी पैसे यावर खर्च करा. त्यानंतर उरले तर मोठ्या बटणाचा एक स्विच घ्या, हात ठेवलेला असेपर्यंतच थरथरणारी एखादी उशी चालू राहील असा. हात उचलला की थांबली पाहिजे, ही अट विकत घेताना नक्की विचारा.

सासूबाईंना एक वही द्या. लेकीसोबत रोज थोडा वेळ त्यांनी बसायचं, न बोलता, आणि लिहायचं: कोणती वस्तू, शरीराच्या कोणत्या भागाने लावली, काय केलं, किती वेळ. 'डाव्या हाताच्या मागच्या बाजूने किल्ल्या ढकलल्या, थांबली, पुन्हा ढकलल्या' एवढंच. महिनाभराने ती वही थेरपिस्टना आणि शाळेतल्या बाईंना दाखवा. पुढची वस्तू कोणती आणायची ते त्या नोंदींवरून ठरवा: घासणी आवडत असेल तर दुसऱ्या जातीची घासणी, साखळी आवडत असेल तर जाड आणि बारीक अशा दोन साखळ्या, म्हणजे तिला तुलना करता येईल. बारीक म्हटली तरी तोंडाचा नियम तिलाही आहे, आणि मानेपर्यंत पोहोचेल इतकी लांब नको. जे तीन आठवड्यांत एकदाही हाताला लागलं नाही ते काढून टाका. जे रोज लागतं ते, तुम्हाला कितीही कंटाळा आला तरी, तिथेच राहू द्या.